उत्तर माहीत नसलेला एक तरी प्रश्न मुलांच्या हाती द्या: नाशिकच्या रसायनशास्त्र विभागांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांचे प्रमुख व सर्व प्राध्यापक,
तसेच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र अभ्यास मंडळाचे सदस्य

आदरणीय सर आणि मॅडम,

सविनय नमस्कार.

मी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केलं, दोन्ही केमिस्ट्रीत. २०१२ पासून नाशिकच्या अंबडला एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. आठ-नऊ तास एचपीएलसी या औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनसमोर जातात. नवीन मुलं घ्यायची असली की मुलाखतीला मलाही बसवतात, आणि हे पत्र लिहायचं तिथेच मनात आलं.

गेल्या जूनमध्ये सुरगाण्याकडची एक मुलगी आली होती. एम.एस्सी. ऑरगॅनिक, पहिला वर्ग, अक्षर मोत्यासारखं. प्रोजेक्ट शिफ बेस या सेंद्रिय संयुगांवर. यील्ड, म्हणजे पदार्थ किती टक्के हाती आला, म्हणून विचारलं, तर ‘अठ्ठ्याहत्तर टक्के’ म्हणाली. मी म्हटलं, पहिल्याच झटक्यात? की आधी कमी आलं होतं? ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘मॅडम, खरं सांगू का? रिअ‍ॅक्शन आम्ही केलीच नाही. केमिकल वेळेवर आलं नाही. रिपोर्ट सिनिअरचा होता, आम्ही फक्त नाव बदललं.’ बोलताना तिचे डोळे भरून आले होते. मला तिचा राग आला नाही. माझंही काळ्या बाइंडिंगचं, सोनेरी अक्षरांचं प्रोजेक्ट असंच झालं होतं. बारा-तेरा वर्षांत यात काहीच बदललं नाही, याचं मात्र त्या दिवशी फार वाईट वाटलं. तिला आम्ही घेतलं. ती उत्तम काम करते. दोन महिन्यांत एचपीएलसी शिकली. म्हणजे तिच्यात काही कमी नव्हतं.

आमच्या धंद्यात न घेतलेलं रीडिंग लिहिणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. अमेरिकेच्या एफडीएचे निरीक्षक तपासणीला आले की मशीनमधला ऑडिट ट्रेल उघडतात: कुठलं इंजेक्शन कधी दिलं, कुणी दिलं, आलेखातल्या कुठल्या शिखराचं क्षेत्रफळ पुन्हा मोजलं. रिझल्ट मर्यादेबाहेर गेला तर त्याची चौकशी करायची, कारण शोधायचं, ते लिहून ठेवायचं. कॉलेजात मात्र आम्ही नेमकं उलटं शिकलो. टायट्रेशनचं रीडिंग ९.८ यायला हवं हे आधीच माहीत असायचं. १०.४ आलं तर जर्नलमध्ये पेन्सिलीने लिहायचं, मग शेजारच्याचं बघून खोडायचं. १०.४ का आलं, ब्युरेटच्या नळीत हवेचा बुडबुडा होता का, हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, जुनं झालं होतं का, हे कुणी विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता. एका बॅचला तीन तास, त्यात वीस मुलं आणि चार ब्युरेटस्टँड. हे मला समजतं.

तुमच्या अडचणीही ठाऊक आहेत. निम्म्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक दोन-दोन कॉलेजं सांभाळतात, आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फाइल आली की महिनाभर लॅब बाजूला पडते. तरी लिहिते आहे, कारण जे मागायचं आहे त्यातलं बरंचसं पैशाअभावी अडलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं. मुलांना त्यांच्या शिक्षणात एक तरी असा प्रश्न मिळावा, ज्याचं उत्तर जर्नलमध्ये नाही, सिनिअरकडे नाही आणि सरांकडेही नाही. असे प्रश्न नाशिकमध्ये पायाखाली पडलेले आहेत.

माझ्या वडिलांचं सांगते. पावसाळ्यात द्राक्षावर डाउनी रोग यायच्या आधी ते बोर्डो हे फवारणीचं मिश्रण करायचे. एका ड्रममध्ये मोरचूद, दुसऱ्यात चुना, शंभर लिटरला एक-एक किलो. दोन्ही एकत्र ओतून काठीने ढवळलं की आकाशासारखा निळा रंग यायचा. मग ते कमरेचा विळा काढून पातं द्रावणात बुडवायचे आणि मनात शंभर मोजायचे. पातं बाहेर काढल्यावर तांबूस झालं असेल तर ‘अजून चुना टाक’ म्हणायचे. तसंच फवारलं तर पाला जळतो. मी अकरावीत विस्थापन अभिक्रिया शिकले, पण लोखंडावर चढणारं तांबं त्याआधी कितीतरी वर्षं वडिलांच्या विळ्यावर पाहिलं होतं. वर्गात त्या विळ्याचा उल्लेख कधी आला नाही. परीक्षेतला प्रश्न खिळ्याचा आणि बीकरचा असायचा.

एम.एस्सी.ला असताना वडिलांनी एकदा विचारलं, ‘ताई, वीस वर्षं मी या रानात मोरचूद ओततोय. ते जातं कुठं?’ हिशोब सोपा आहे. एक किलो मोरचुदात साधारण अडीचशे ग्रॅम तांबं असतं. ते कुजत नाही, उडून जात नाही. सेंद्रिय पदार्थाला आणि चिकणमातीला धरून वरच्या थरात बसून राहतं. पण किती बसलंय, हे मोजल्याशिवाय कळणार कसं? बागेतली माती आणि बांधावरची, कधीच फवारणी न झालेली माती, दोन्ही आणायच्या. डीटीपीए या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने तांबं बाहेर काढायचं आणि अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर मोजायचं. मशीन नसेल तर रंग देऊन साध्या कलरीमीटरवर निदान फरक तरी दिसेल. आठ-दहा मुलांनी आपापल्या गावची माती आणली तर निफाड-दिंडोरीचा एक छोटा नकाशाच तयार होईल. मी ही कल्पना तेव्हा माझ्या गाइडकडे नेली. ‘हे अ‍ॅग्रीकल्चरचं झालं, आपल्या सिलॅबसमध्ये बसत नाही’ असं उत्तर मिळालं. वडील आता नाहीत. प्रश्न अजून तसाच आहे.

आणि २०१० साल तर तुम्हा सगळ्यांच्याही लक्षात असेल. त्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे, म्हणजे आपल्याकडे लिहोसीन किंवा सीसीसी म्हणतात त्याचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली. आमच्या गावात त्या वर्षी लग्नं पुढे ढकलली गेली. मी तेव्हा टी.वाय.ला होते, मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि मी सॉल्ट अ‍ॅनालिसिस पाठ करत होते. सीसीसीचा रेणू कायम धनभारित असतो, पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे अनेक अवशेष एकदम तपासायच्या नेहमीच्या मल्टिरेसिड्यू पद्धतीत तो हाती लागत नाही. त्याला वेगळी पद्धत लावावी लागते. हे मला कळलं ते नोकरीत आल्यावर, सीसीसीच्याच क्वाटर्नरी अमोनियम गटातल्या एका औषधावर काम करताना. ज्या रेणूने गावाचं वर्ष बुडवलं, तो माझ्याच विषयातला होता, आणि वर्गात त्यावर एक तासही झाला नाही. वर्गातली निम्मी मुलं बागायतदारांची होती. त्या महिन्यात आम्हाला जे काही शिकवलं असतं, ते आम्ही जन्मभर विसरलो नसतो.

आता गंगेचं. आमच्यासारखे नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत तुमच्यातल्या प्रत्येकाला येते. तिला लाखाचं मशीन लागत नाही. गेल्या माघात शेजारच्या बारावीतल्या मुलीला घेऊन मी हा प्रयोग नदीकाठी केला. तीनशे मिलीची काचेच्या बुचाची बाटली, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनीज सल्फेट दोन मिली, मग अल्कली आयोडाइड दोन मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. बूच लावून बाटली वरखाली केली की साका धरतो. ऑक्सिजन असेल तर तपकिरी, नसेल तर पांढराच राहतो. शहराच्या वरच्या अंगाला घेतलेल्या बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचा साका आला. शहर ओलांडल्यावर घेतलेल्या बाटलीत तो इतका फिकट होता की पोरीने बाटली उन्हात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. ‘मावशी, म्हणजे यात मासा जगणार नाही?’ तिने विचारलं. मी तिला सांगितलं की एका बाटलीवरून काही सिद्ध होत नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी मोजावं लागतं. घरी येऊन सल्फ्युरिक अ‍ॅसिड टाकून साका विरघळवला, स्टार्च घालून हायपोने टायट्रेशन केलं. निळा रंग एका थेंबात गेला तेव्हा ती ओरडलीच. दोनशे मिली नमुना आणि एन बाय चाळीस तीव्रतेचं हायपो घेतलं की जितके मिली लागले तितके मिलिग्राम ऑक्सिजन दर लिटरला. गुणाकारही करावा लागत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो की स्नानाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्राम हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, ३ मिलिग्रामपेक्षा जास्त नको. २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक रामकुंडात उतरतील. सरकारी यंत्रणा आपलं मोजमाप करतेच. पण गंगापूर धरण, सोमेश्वर, रामकुंड, तपोवन आणि खाली नांदूरमध्यमेश्वर, जे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, या पाच ठिकाणचं पाणी आपल्या मुलांनी दर महिन्याला मोजून एका रजिस्टरमध्ये लिहिलं, तर सिंहस्थाच्या आधीचं, मधलं आणि नंतरचं असं सलग काम हाती राहील. एका बॅचने ते रजिस्टर पुढच्या बॅचला द्यायचं. दोन-तीन वर्षांत ते कुठल्याही बाइंडिंग केलेल्या प्रोजेक्टपेक्षा मोलाचं होईल. आणि त्यात एखादं रीडिंग विचित्र आलं तर ते खोडायचं कारणच उरत नाही, कारण बरोबर उत्तर काय हे कुणालाच ठाऊक नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने यासाठी जागा करून दिली आहे. एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे, दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे. माझी भीती एकच आहे, की हे १० श्रेयांकही सिनिअरच्या रिपोर्टनेच भरले जातील. ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल आम्हा कंपनीवाल्यांचीही चूक मी कबूल करते. आलेल्या मुलांना आम्ही लॉगबुक लावायला आणि काचसामान मोजायला बसवतो. मशीनला हात लावू देत नाही, कारण जबाबदारी कोण घेणार. तुम्ही पाठवताना लेखी सांगा की या मुलाला अमुक पद्धत स्वतःच्या हाताने करू द्या, नाहीतर सर्टिफिकेट देऊ नका. तुम्ही अडलात तर आम्हाला करावंच लागेल. आणि ट्रेनिंग म्हणजे फक्त सातपूर-अंबड-सिन्नर असं का? दिंडोरी रोडला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला, कांद्यावर किरणप्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. नाशिकला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. विचारून तर बघा, प्राचार्यांच्या सहीचं एक पत्रच लिहायचं आहे.

उपकरणांचं बोलायचं तर आमच्या विभागात एक यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. त्यावर शिवून घेतलेलं निळं कव्हर. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू व्हायचं. दोन वर्षांत मी त्यावर एकही रीडिंग घेतलं नाही. ‘बिघडलं तर दुरुस्तीचं कोण बघणार’ ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पण वापरलेल्या मशीनपेक्षा बंद ठेवलेलं मशीन लवकर बिघडतं, हे आमचा कुठलाही सर्व्हिस इंजिनिअर सांगेल. आत बुरशी धरते. आमचे लॅब अटेंडंट काका शेवटच्या वर्षी म्हणाले होते, ‘पोरी, मीच तुला चालू करून दिलं असतं, पण चावी माझ्याकडे नाही.’ शनिवारी दुपारी तीन तास ती चावी एखाद्या शिक्षकाकडे द्या. जे मशीन कॉलेजात नाही त्यासाठी २०२० पासून केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे. देशभरातल्या संस्थांमधली उपकरणं तिथे दिसतात आणि बाहेरच्यांना वेळ मागता येते. पवईच्या आयआयटीत सैफ हे बाहेरच्यांसाठीही खुलं उपकरण केंद्र आहे, तिथे नमुना पाठवून रेणूची रचना दाखवणारा एनएमआर करून घेता येतो. पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० पासून आहे, आयसर ही विज्ञान संस्था २००६ पासून. बसने पाच-सहा तासांचा रस्ता. वर्षातून एकदा मुलांना ती दारं आतून दाखवा.

आणि कृपा करून, संधींची खबर वेळेवर द्या. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. अर्ज साधारण नोव्हेंबर अखेरपर्यंत असतात. मी ती नोटीस पाहिली जानेवारीत, एका टेबलाच्या काचेखाली, हजेरीपत्रकावर सही करायला गेले तेव्हा. बाई दुसऱ्यांशी बोलत होत्या म्हणून मी ती उलटीकडून वाचली. तारीख कधीच गेली होती. त्या दोन महिन्यांनी माझं आयुष्य बदललंच असतं असं मी म्हणत नाही. पण मला निदान कळलं असतं की माझ्यासारखीला असं कुठे जाता येतं. त्या अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं आणि आपण काय शिकू इच्छितो ते चार ओळींत इंग्रजीत लिहावं लागतं. कळवणचा किंवा पेठचा मुलगा तिथेच थांबतो. त्याच्या शेजारी बसून ते लिहून घेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

आयआयटीत एम.एस्सी.ला जायच्या जॅम परीक्षेचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. एस.वाय.लाच सांगा, टी.वाय.च्या दिवाळीनंतर सांगून उपयोग नसतो. संशोधन आणि प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा वर्षातून दोनदा असते. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. हा आकडा पालकांच्या सभेत मोठ्याने सांगा, विशेषतः मुलींच्या आईवडिलांना. ‘अजून किती शिकणार, लग्नाचं बघू’ म्हणणाऱ्या माझ्या मामांना कुणी तेव्हाचा आकडा सांगितला असता तर घरातलं बोलणं वेगळं झालं असतं, एवढं मला नक्की माहीत आहे. पीएच.डी.साठी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. आविष्कार ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे, तिच्यात पोस्टर घेऊन उभं राहिलेलं पोर मुलाखतीत घाबरत नाही, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहते. यातलं काहीच गुप्त नाही, पण मुलांपर्यंत पोचतही नाही. प्रत्येक विभागात एका शिक्षकाने फक्त या तारखांची जबाबदारी घ्यावी आणि दर महिन्याला वर्गात मराठीतून पाच मिनिटं बोलावं. नोटीस बोर्डावर इंग्रजी कागद लावून काम होत नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आपल्यातल्याच. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. १९३९ मध्ये त्या केंब्रिजची पीएच.डी. झाल्या आणि परत येऊन पुढे काम केलं ते नीरेवर, ताडासारख्या झाडावरून उतरवलेल्या, गावोगाव मिळणाऱ्या नीरेवर. ती आदिवासी मुलांना पोषण म्हणून देता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. सुरगाण्याच्या त्या मुलीला हे नाव माहीत नव्हतं. तिच्या गावात नागली आहे, मोह आहे, करवंदं आहेत. तिने शिफ बेस का केला असेल?

मी तुमच्याकडे शिकले आहे म्हणून हक्काने मागते. अभ्यास मंडळाने प्रकल्पाच्या गुणांत एक अट घालावी: मूळ नोंदवही, तारीख-वेळेसह, खाडाखोडीसह, फसलेल्या प्रयत्नांसह दाखवल्याशिवाय गुण नाहीत. रिपोर्ट साध्या कागदावर असला तरी चालेल. आणि विभागांनी या वर्षी एकच प्रश्न निवडावा. माती घ्या, नाहीतर नदी घ्या.

नदी घेतलीत तर मी तुमच्याबरोबर आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी सोमेश्वरला उभी राहीन. दहा बाटल्या, मँगनीज सल्फेट, अल्कली आयोडाइड आणि थर्मोकोलचा डबा माझ्याकडे तयार आहे. हायपो आदल्या रात्री स्टँडर्डाइज करून आणेन. कोऱ्या पानांचं एक रजिस्टरही घेतलं आहे, त्यावर फक्त ‘गोदावरी’ एवढंच लिहिलंय. तुम्ही दोन मुलं पाठवा.

आपली नम्र,
तुमची एक माजी विद्यार्थिनी
नाशिक